विक्री ऑक्टोबरची, पैसा फेब्रुवारीचा

सांगली,
दिवाळी पाडव्यानंतरचा आठवडा

बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. दुकानात गर्दी आहे, विक्री चांगली आहे, आणि तरी पाइपच्या वितरकाला द्यायला खात्यात पैसे नाहीत, असं म्हणालीस. तुझ्या कष्टात काही कमी नाही. तासगावात ठिबक आणि पाइपचं दुकान म्हणजे गिऱ्हाइकाच्या पिकावर चालणारं दुकान, आणि कुणाच्या पिकाचा पैसा कधी येतो हे तू अजून कागदावर मांडलेलं नाहीस.

द्राक्षवाला माल नेतो छाटणीच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याची बाग विकली जाते फेब्रुवारी ते एप्रिल. त्याने बेदाणा केला तर आणखी पुढे, कारण बेदाणा शीतगृहात ठेवून भाव बघून सौद्याला काढतात. हळदीची आवक साधारण फेब्रुवारीपासून वाढते. उसाला कायद्याने तोडीनंतर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मिळायला हवी, पण बिल लांबलं की काय होतं ते तुझ्या घरीही माहीत आहे. एखादा शिक्षक किंवा एसटीतला नोकरदार शेतीसाठी पाइप नेतो, त्याचा पगार मात्र महिन्याच्या सुरुवातीला ठरलेला.

म्हणून उधारी लिहिताना रकमेशेजारी हा पैसा कशातून येणार तेही लिही. ऊस, द्राक्ष, बेदाणा, हळद, पगार. विचारायला लाजू नकोस. शेतकऱ्याला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही, उलट त्याचं गणित समजणारा दुकानदार त्याला हवाच असतो. मग महिन्यावार बेरीज कर: डिसेंबरात किती येणार, मार्चमध्ये किती. त्याच्यासमोर वितरकाच्या बिलांच्या तारखा लिही. कुठल्या महिन्यात खड्डा आहे ते लगेच कळेल.

आता जीएसटी. तू म्हणालीस, पैसे आलेच नाहीत तर कर कसला? बाळा, मालावरचा कर बिलाला लागतो, वसुलीला नाही. समज ऑक्टोबरात १ लाखाचा पीव्हीसी पाइप उधारीवर गेला. वर १८ टक्के म्हणजे १८,००० कर. दरमहा रिटर्न भरत असशील तर तो २० नोव्हेंबरपर्यंत हिशेबात धरावा लागतो. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा होतं हे खरं, पण वितरकाचं बिल चुकतं करताना तोही कर तुझ्याच खिशातून गेलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा रुपया यायच्या आधी पूर्ण १८,००० तू घातलेस. वितरकाला टाळत बसलीस तर तेही चालत नाही: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. द्राक्षाची उधारी सहा महिन्यांच्या पलीकडे जायला फार वेळ लागत नाही, म्हणून या आकड्यावर डोळा ठेव.

बँकेच्या कॅश क्रेडिटवरही, म्हणजे माल आणि येणी बघून मिळणाऱ्या कर्जावरही, सगळी मदार ठेवू नकोस. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका त्या कर्जाची मर्यादा ठरवताना साधारणपणे धरत नाहीत, आणि तुझी मोठी येणी नेमकी त्याहून जुनी होतात. माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या मालाला निम्मी रक्कम रोख घेतल्याशिवाय गाडी भरू नये, गिऱ्हाईक पाहुण्यातलं असलं तरी. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा ठेव आणि दोन्ही आधीच सांग.

पैसे घ्यायच्या पद्धतींत यूपीआयची काळजी कमी आहे. बँकखात्यातून येणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन नाही. फक्त क्यूआर दुकानाच्या चालू खात्याचाच लाव, भावाच्या नको, नाहीतर हिशेब कधीच जुळणार नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नकोस, साउंडबॉक्स बोलू दे किंवा बँकेचा मेसेज येऊ दे.

रोख घेताना एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त घ्यायची नाही, आणि एकाच खरेदीचे तुकडे करून वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी ते चालत नाही. रक्कम मोठी असली की सरळ आरटीजीएस सांग.

चेक मात्र वटेपर्यंत पैसा समजू नकोस. पुढच्या तारखेचा चेक ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांनी त्याची मुदतच संपते. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर चेक देणाऱ्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. नात्यातल्या माणसाचा चेक असला की ‘बघू’ म्हणता म्हणता हे दिवस निघून जातात.

जुन्या थकबाकीसाठी हेच दिवस चांगले. लोक सणाच्या भेटीगाठीत आहेत. प्रत्येकाला खात्याचं पान दाखव आणि ‘बाकी मान्य’ लिहून तारखेसह सही घे. येणं वसूल करायला कायद्याने तीन वर्षं असतात, ती मुदत संपायच्या आत अशी सही मिळाली की मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. सही देणारा माणूस बहुधा पैसेही देतो. टाळतो त्याला पुढचा माल थांबव, आणि ते तू स्वतः सांग, नोकराकडून नको.

लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, त्या नियमाचं विचारलं होतंस. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असली तरी नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला ते संरक्षण मिळत नाही, ते उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. तुझे पैसे थकवणाऱ्या ठेकेदाराकडे ते कलम घेऊन जाऊ नकोस. त्याच्याशी हप्त्यांच्या तारखा ठरव आणि लिहून घे.

वितरकाला फोन करण्याआधी महिन्यावार यादी तयार कर. कुठला हप्ता कधी देणार हे तारखांसह सांगितलंस तर मुदत वाढवायला तो तयार होईल असं मला वाटतं. रविवारी यादी आणि खातेवही दोन्ही घेऊन ये. चारनंतर मी घरीच आहे. दोघं बसून आधी द्राक्षवाल्यांची पानं बघू.

तुझा,
काका