महागडा डॅक घ्यावा का? माझ्या मते पैसे दुसरीकडे घाला

तुम्ही लिहिलंय की घरी स्पीकर चालवणारा बरा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आहे, बुकशेल्फ स्पीकर आहेत, गाणी स्ट्रीमरवरून (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा) वाजतात, आणि दुकानदार म्हणतोय सध्याचा डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल बनवणारा डबा) काढा, त्याच्या सहापट किमतीचा घ्या, सोबत भारीतली स्पीकर केबल घ्या, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. पैसे आहेत पण वसूल होतील का, हा तुमचा प्रश्न. माझं सरळ उत्तर, त्या डॅकमधून नाही होणार, स्पीकर आणि खोलीवर घातलेत तर होतील.

डॅकचं म्हणाल तर इंजिनीअरिंगच्या दृष्टीने ते काम कधीच जमलेलं आहे. १९८२ साली सीडी आली ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण ९६ डीबीची (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, आणि आजचे छोटे स्वस्त डॅकसुद्धा नॉइज (खरखर) आणि डिस्टॉर्शन (सिग्नलचा बिघाड) सिग्नलच्या ११० डीबी खाली ठेवतात, तर आपल्या खोलीतला पंखा आणि बाहेरची रहदारी त्याच्या कितीतरी वर असते. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला, हाय-रिझोल्यूशन डिस्क वाजवायची आणि मध्येच गुपचूप सिग्नल १६ बिट ४४.१ मधून काढायचा, ऐकणाऱ्यांनी ओळखायचं कुठलं कुठलं. ५५४ वेळा ऐकून बरोबर उत्तरं निम्मीच आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. (आवाज खूपच वाढवून शांत भाग ऐकला तर नॉइज कळत होता, तेवढं मान्य.) ट्यूब (जुन्या पद्धतीची काचेची नळी) असलेला मुद्दाम वेगळा वाजणारा डॅक असेल तर फरक येतो, तो आवडला तर जरूर घ्या, पण मग आपण एक चव विकत घेतोय हे माहीत असू द्या.

केबलचा हिशेब तर कागदावरच करता येतो. ५ मीटर लांब, २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची साधी वायर घेतली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स होतो साधारण ०.०७ ओहम, समोर ८ ओहमचा स्पीकर, म्हणजे त्याच्या एक टक्कासुद्धा नाही, मग भारी केबलने फरक तो काय पडणार.

आता स्पीकर. इथे डिस्टॉर्शन टक्क्यांत असतं, फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (जाड ते बारीक कुठला स्वर किती मोठा वाजतो ते) तीन-चार डीबीने वर-खाली असतो, म्हणजे कानाला कळणारे फरक सगळे इथेच आहेत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या स्पीकर-संशोधकांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवलं, आणि परत परत तेच दिसलं की समोरून सपाट रिस्पॉन्स असलेले आणि बाजूलाही आवाज गुळगुळीत उतरत जाणारे स्पीकर बहुतेकांना आवडतात. १९९४ च्या त्यांच्या एका प्रयोगात त्याच लोकांनी तेच स्पीकर एकदा पडदा लावून आणि एकदा डोळ्यांनी बघत ऐकले, तर मार्क बदलले, मोठ्या देखण्या स्पीकरचे वाढले आणि छोट्या स्वस्त सिस्टिमचे पडले. ऐकणारे ऑडिओ कंपनीतच काम करणारे होते बरं का. म्हणून किमतीचा टॅग बघून ऐकलेल्या डेमोवर मी पैसे लावत नाही.

आणि खोली तर सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ४ मीटर लांबीची खोली असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमणार, तिथे १० डीबीचा डोंगर सहज तयार होतो आणि दुसऱ्या जागी तेवढाच खड्डा, हे कुठलाही डॅक दुरुस्त करू शकत नाही. एक मेजरमेंट माइक आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, स्पीकर आणि खुर्ची थोडी थोडी हलवून मोजत रहा. नुसती खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढून बेस सुटसुटीत झालेला मी अनेकांच्या घरी ऐकलाय.

तरीही डॅक ऐकूनच ठरवायचं असेल तर घरी आणून ऐका, आणि लेव्हल जुळवून ऐका, कारण अर्धा-एक डीबी जास्त मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, "चांगला" वाटतो. ५० हर्ट्झची सलग साईन वेव्ह हळू आवाजात वाजवा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावा, पहिल्या डॅकवर १ व्होल्ट दिसला तर दुसऱ्यावर ०.९९ ते १.०१ च्या मध्ये आला पाहिजे, बारीक फरक स्ट्रीमरच्या डिजिटल व्हॉल्यूमने जुळवा. मग घरातल्या कोणालातरी तुमच्या नकळत बदलायला सांगा. १० पैकी ९ वेळा ओळखलंत तर अंदाजाने तसं होण्याची शक्यता साधारण १ टक्काच असते, तेव्हा खुशाल घ्या, मी काही म्हणणार नाही.

महाग वस्तूत सगळंच वाया जातं असंही नाही. जड कॅबिनेट, कोरून काढलेलं अ‍ॅल्युमिनियम, हाताने लावलेलं व्हिनियर, थोडेच नग बनवणं, याला खर्च येतोच आणि रोज बघताना आनंदही होतो. फक्त तो फर्निचरचा आनंद म्हणून वेगळा मोजा. अजून एक, स्ट्रीमरवर फार पैसे अडकवू नका, अ‍ॅपचा सपोर्ट संपला की डबा चांगला असून निरुपयोगी होतो, उलट साधे पॅसिव्ह (आत इलेक्ट्रॉनिक्स नसलेले) स्पीकर वीस-पंचवीस वर्षं आरामात चालतात. जुने घेणार असाल तर स्पीकरच्या कोनच्या (पुढच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा, चुरा होत असेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. पॉवरच्या आकड्यालाही भुलू नका, ५० वॉटचे १०० केले तर मिळतात फक्त ३ डीबी.

स्पीकरचं मॉडेल, खोलीची लांबी-रुंदी-उंची आणि खुर्ची भिंतीपासून किती अंतरावर आहे तेवढं सांगा, मग स्पीकर बदलायचेत की आधी जागाच बदलून बघायची ते नेमकं सांगतो.