मॅड वर्ल्डमधलं 'हलार्जियन' आणि आरतीतलं 'फळीवर वंदना'

ताई, तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण ह्या एका शब्दापायी मी आयुष्यातले बरेच तास घालवलेत. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. टिअर्स फॉर फिअर्स ह्या ब्रिटिश बँडचं 'मॅड वर्ल्ड' हे गाणं, त्याच्या अगदी शेवटी 'मॅड वर्ल्ड, मॅड वर्ल्ड' असं घोळवत असताना मधेच एक वेगळी ओळ येऊन जाते. ती ताईंच्या भाचीला 'एनलार्जिंग युअर वर्ल्ड' ऐकू येते, भावाला 'इलॉजिकल वर्ल्ड' ऐकू येते, आणि दोघंही हटायला तयार नाहीत. तर खरं काय आहे, आणि असं भलतंच ऐकलेल्या शब्दाला इंग्रजीत मॉन्डग्रीन म्हणतात तसा मराठीत शब्द आहे का, 'कूट' म्हटलं तर चालेल का, असं ताई विचारतायत.

दोघांचंही बरोबर नाही. शब्द आहे 'हलार्जियन'. डिक्शनरीत शोधू नका, सापडणार नाही. ज्याने ते गाणं गायलंय त्या कर्ट स्मिथनेच नंतर खुलासा केलाय की 'द हर्टिंग' ह्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना निर्मात्यांबरोबर आपसातल्या गमतीजमती चालायच्या, त्यातच हलार्ज नावाचा एक काल्पनिक ग्रह निघाला होता, आणि गाताना स्मिथने गंमत म्हणून शेवटी 'हलार्जियन वर्ल्ड' असं घातलं आणि ते तसंच राहू दिलं, बस एवढंच. गाणं 1982 ला आलं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, आणि स्टुडिओतल्या चार जणांची ती गंमत जगभरच्या ऐकणाऱ्यांच्या कानावर जाऊन पडली.

आमच्याकडे ही कॅसेट मामेभावाने मस्कतहून आणली होती. तेव्हा मी कॉलेजात होतो. बाकीचं गाणं सरळ कळायचं, रोजचे तेच थकलेले चेहरे, शाळेत कुणाचं लक्ष नाही असं ते मूल, यात कळायला अवघड काही नाही. बँडमधल्या रोलंड ऑर्झाबलने हे इंग्लंडमधल्या बाथ शहरात पिझ्झाच्या दुकानावरच्या घरात राहत असताना खिडकीतून खालची माणसं बघत लिहिलं, तेव्हा तो जेमतेम 19 वर्षांचा होता. पण ही शेवटची ओळ काही केल्या लागायची नाही. मी आणि मित्र टेप मागे घ्यायचो, चीं चीं आवाज, थांबवा, ऐका, परत मागे. वहीत लिहून ठेवलं होतं, त्याच्या मते 'रॉन्ची यंग वर्ल्ड', माझ्या मते 'हे, लार्ज यंग वर्ल्ड'. इतक्या वेळा मागेपुढे केलं की टेप नेमकी तेवढ्याच जागी ताणली गेली आणि तिथे आवाज डुलायला लागला, म्हणजे जो शब्द ऐकायचा होता तोच आणखी अंधुक झाला. पुढे मला कळलं की 'रॉन्ची यंग वर्ल्ड' कितीतरी लोकांना ऐकू आलेलं आहे, स्मिथनेच आपल्या कानावर आलेल्या चुकीच्या पाठांमध्ये ते सांगितलंय. आम्ही दोघं इकडे पंखा बंद करून टेपला कान लावून बसलो होतो आणि तिकडे परक्या देशातली पोरं त्याच जागी अडली होती हे कळल्यावर फार बरं वाटलं होतं.

आता असं का होतं ते बघू. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात अक्षराच्या शेवटचा र उच्चारत नाहीत, 'लार्ज' तिथे 'लाऽज' होतो. म्हणजे स्मिथच्या तोंडून ते 'हलाऽजन'च्या जवळपास येतं. आपण शाळेत इंग्रजी शिकलो ते प्रत्येक र ठासून म्हणत, म्हणून आपल्याला हे चटकन लक्षात येत नाही. आता 'इलॉजिकल' म्हणून बघा, त्यातही ल, मग आ आणि ऑ यांच्या मधला काहीतरी स्वर, मग ज. 'एनलार्जिंग'मध्ये तोच ल आणि ज, शिवाय शेवटचा अनुनासिक 'हलार्जियन'च्या न ला जाऊन चिकटतो. सुरुवातीचा ह गाण्याच्या ओघात श्वासातच जातो. थोडक्यात ल-ज-न एवढाच सांगाडा कानापर्यंत पोचतो आणि मग कान घरातल्या डब्यातून आपल्या ओळखीचा शब्द काढून त्याच्यावर बसवतो. आणि हा शब्द बनलाय पण अगदी नियमात. बेल्जियमचा बेल्जियन, तसा हलार्जचा हलार्जियन. आपण नागपूरचा नागपुरी किंवा नागपूरकर करतो तसंच, त्या हिशोबाने तिथला माणूस हलार्जकर म्हणायला हरकत नाही. शब्दाची घडण ओळखीची असल्यामुळे मेंदूला वाटतं हा खराच इंग्रजी शब्द आहे, आपल्यालाच नीट ऐकू आला नाही, आणि तो शोधत बसतो.

हेच आपल्याकडे प्रत्येक घरात गणपतीत होतं. 'लंबोदर पीतांबर फणिवर बंधना', लहानपणी तुम्ही काय म्हणायचात? मी 'फळीवर वंदना'. बहुतेक सगळेच. फणिवर म्हणजे मोठा नाग, तो ज्याने पोटाला बांधलाय असा तो गणपती, पण सहा वर्षांच्या पोराला फणिवर कुठून माहीत असणार, त्याला स्वयंपाकघरातली डब्यांची फळी माहीत, वंदना माहीत, झालं काम. त्या पोराने आळस केलेला नसतो, त्याने त्याच्याकडे असलेल्या सगळ्यात जवळच्या शब्दांनी अर्थ लावलेला असतो. भाचीने 'एनलार्जिंग' ऐकलं ते ह्याच न्यायाने, तिचा कान चुकला नाही, तिला तो ग्रहच माहीत नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय कारण अशा वेळी लोक एकमेकांना 'तुला इंग्रजी येत नाही' म्हणून गप्प करतात, ते मला अजिबात पटत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा इथेच अडलेत.

मॉन्डग्रीन शब्दाचा जन्मही असाच आहे. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेने 1954 मध्ये हार्पर्स मॅगझिनमध्ये लिहिलं की लहानपणी आई तिला एक जुना स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवायची, त्यात स्कॉटलंडमधल्या मोरे प्रांताच्या सरदाराला मारून हिरवळीवर ठेवलं, 'लेड हिम ऑन द ग्रीन', असं होतं, ते तिने 'लेडी मॉन्डग्रीन' ऐकलं. म्हणजे तिच्या मनात सरदाराबरोबर एक बाई पण मेली आणि तिला तिचं फार वाईट वाटायचं. खरी ओळ कळल्यावरही तिला आपलीच जास्त आवडत राहिली.

तर मराठी शब्द. 'कूट' नको, आणि त्याचं कारण नीट सांगतो. (दाण्याचं कूट वेगळं, ते कुटण्यातून आलंय.) कूट म्हणजे मुद्दाम घातलेलं कोडं, सोडवायची किल्ली कुठेतरी ठेवलेली असते. न्यू वेव्हमध्ये, म्हणजे त्या काळातल्या ह्याच धाटणीच्या संगीतात, खरं कूट बघायचं तर न्यू ऑर्डर ह्या बँडच्या 1983 च्या 'ब्लू मंडे'चं कव्हर बघा, पुढून बघितलं तर त्यावर ना गाण्याचं नाव ना बँडचं, कडेला नुसते रंगीत चौकोन. ते चौकोन म्हणजे अक्षरं आहेत आणि ती वाचायचं रंगचक्र कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलने त्याच वर्षीच्या त्यांच्या अल्बमच्या मागच्या बाजूला दिलंय. याला कूट म्हणा, शंभर टक्के. याच्या उलट टॉकिंग हेड्स ह्या बँडचं 'आय झिम्ब्रा', 1979 चं, त्याचे शब्द ह्युगो बॉल ह्या दादावादी (कलेत मुद्दाम अर्थहीनता आणणाऱ्या पंथातल्या) कवीच्या निरर्थक ध्वनींच्या कवितेवरून घेतलेत, तिथे अर्थच नाही तर सोडवणार काय. आणि 'मॅड वर्ल्ड'मध्येच ती स्वप्नात मरण्याची ओळ आहे, आपण मरतो ती स्वप्नं सगळ्यात चांगली असं म्हणणारी, तिला मी गूढ म्हणेन. तिचा धागा आर्थर यानोव्ह ह्या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांत आहे, भयानक स्वप्नांतून मनावरचा ताण बाहेर पडतो असं तो मांडायचा, आणि बँडचं नावही त्याच्याच लिखाणातून आलंय. वाचलं की कळतं. 'हलार्जियन' मात्र कितीही वाचून कळला नसता, तो त्या चार जणांचा घरातला शब्द होता. आमच्या घरात रिमोटला 'टुकटुक' म्हणतात, ते बाहेरच्याला कसं कळणार, तसंच.

चुकून ऐकण्याला मी 'कानचकवा' म्हणतो. 'श्रवणभ्रम' पण कुणी म्हणेल, पण त्यात आजाराचा वास येतो, नसलेले आवाज ऐकू येतात असा. कोकणात रानात माणूस पायाखालच्या वाटेवरच भरकटतो, रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. टेप मागे घेऊन घेऊन आम्ही परत त्याच 'रॉन्ची यंग'पाशी येत होतो ते अगदी हेच. मला तरी हा शब्द फिट्ट बसतो असं वाटतं, कुणाच्या गावाकडे याला आधीपासून काही म्हणत असतील तर जरूर सांगा.

पण ताई, भाचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिने ऐकलंय ते बहुतेक गॅरी ज्यूल्सचं, पियानोवरचं संथ व्हर्जन. मायकल अँड्र्यूजबरोबर केलेलं ते 2001 च्या एका सिनेमात आलं आणि 2003 च्या नाताळात ब्रिटनमध्ये एक नंबरला होतं. त्यात 'एनलार्जिंग युअर वर्ल्ड' असंच गायलंय! म्हणजे चकव्यातून आलेला शब्द गाण्यातच जाऊन बसला आणि गाण्याचे शब्द देणाऱ्या कितीतरी ठिकाणी आता तोच छापलेला दिसतो. हे झालं की त्याला कानचकवा म्हणून भागत नाही, त्याला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, पाठभेद. आरतीतच बघा, 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' झालं, संकष्टी गणपतीचीच असल्यामुळे ते इतकं चपखल बसलं की मांडवच्या मांडव आज तसंच म्हणतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती शुद्ध केल्या तेव्हा त्यांच्यासमोर असेच शिरलेले शब्द असणार, कुणीतरी एकाने ऐकले, पुढच्याने लिहून घेतले.

म्हणून वाद असा मिटवा: भाचीचं व्हर्जन असेल तर ती बरोबर आहे, मूळ 1982 चं असेल तर दोघंही चकव्यात आहेत. हेडफोन लावून आधी स्मिथचं ऐका, मग ज्यूल्सचं, दोन्हींत फक्त ती शेवटची ओळ. मला आता मूळ गाण्यात दुसरं काही ऐकूच येत नाही, ह पण स्पष्ट येतो. भावाला आधी शब्द सांगू नका, त्याला काय ऐकू येतं ते लिहून घ्या, मग सांगा आणि परत ऐकवा, आणि त्याचं काय झालं ते मला नक्की कळवा.