पंच म्हणून समन्स आलंय ना? जाच, पण आधी पंचनामा वाचा

खवले मांजराच्या खवल्यांची पोती पकडली तेव्हा तुम्ही पंच, म्हणजे जप्तीचे साक्षीदार होतात. आता चार वर्षांनी समन्स आलंय, नीटसं काही आठवत नाही आणि घरचे म्हणतात, नको त्या भानगडीत पडू. तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. अशाच एका प्रकरणात मीही पंच होतो, कोकणातच. आमचे आरोपी सुटले, म्हणून एवढं लिहितोय. मी वकील नाही. प्रत्येक केस वेगळी असते, तेव्हा कायद्याचं सरकारी वकिलांना विचारा.

त्या रात्री एका घराच्या पडवीत माल सापडला. पाऊस कोसळत होता, काटा नव्हता. वनखात्याचे साहेब म्हणाले, "सकाळी ऑफिसात या, सह्या करून टाकू." सकाळी गेलो तर पंचनामा लिहून तयार! जागेवर वजन केलं, नमुने काढले, लाखबंद केले, असं सगळं त्यात होतं, हे मला नंतर कळलं. लेबलं मात्र कोरी. चांगल्या कामासाठीच चाललंय म्हणून मी न वाचता सह्या केल्या. माझी सगळ्यात मोठी चूक ती.

उलटतपासणीत आरोपींच्या वकिलांनी तीनच गोष्टी विचारल्या. काटा कोणाचा? लाख कुठे वितळवली? सही कुठे केली? खोटं बोलणार नव्हतो, खरं ते सांगितलं. खवले खवले मांजराचेच, असा प्रयोगशाळेचा अहवाल होता. पण तपासलेले खवले त्याच पडवीतले, हे सिद्ध होईना. आरोपींना संशयाचा फायदा मिळाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची शिक्षा, आणि सगळं कोऱ्या लेबलांवर अडलं. या जिवाला एका वेळी सहसा एकच पिल्लू होतं हो. एका पोत्यात किती जीव गेले असतील, हा विचार अजून झोपू देत नाही.

तारखेआधी पंचनामा वाचायला मिळावा म्हणून त्याच ऑफिसात मी तीन खेपा घातल्या. फाइल साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. तुम्ही तिथे वेळ घालवू नका. थेट सरकारी वकिलांना भेटा. तेव्हाच वाचून सही केलेला कागद साक्षीच्या वेळी बघून आठवण ताजी करता येते, कोर्ट परवानगी देतं. तरीही जे आठवत नाही ते आठवत नाहीच म्हणा. सही ऑफिसात झाली असेल तर तसंच सांगा, मग केसचं काहीही होवो.

वनखात्याची केस पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नाही, अधिकाऱ्याच्या फिर्यादीवर चालते. त्यामुळे आरोप ठेवण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा, असं दोनदा बोलावणं येऊ शकतं. दुसऱ्यांदा कंटाळून घरी बसणारे पंच मी पाहिलेत. माझ्या मते फितूर साक्षीदाराइतकंच नुकसान ते करतात.

आणखी एक. आरोपीकडचं कोणी "जरा बोलायचंय" म्हणून आलं तर उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा, आणि धमकी दिली तर न्यायाधीशांना लेखी कळवा.

इथे बाकी कोणाला पुढे पंच व्हायची वेळ आली, तर झडतीचं मोबाइलवर चित्रण करायचा आग्रह धरा. पोलिसांच्या झडतीत ते १ जुलै २०२४ पासून सक्तीचं आहे, वनखात्यानेही करावं. कोऱ्या कागदावर सही नको, समोर कितीही भला माणूस असो.

तारखेला समन्स आणि ओळखपत्र सोबत ठेवा. साक्षीदाराला प्रवासभत्ता मिळतो, तो मागून घ्या. साक्ष झाली की इथे कळवा, मी वाट बघतोय.