रॉटरडॅमला येण्याआधी

बायको आणि लहान मुलीला घेऊन नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला यायचं तर तयारी काय करावी, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या आजोबांसारखेच माझेही आजोबा मालवाहू बोटीवर होते, तर त्यांच्या अनुभवातलं काही आज कामाला येतं का, हेही विचारलंय. खूप येतं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीकाठी. आजोबा खलाशी म्हणून लागले आणि सुखाणी होऊन निवृत्त झाले. बोटीवर चढण्याआधी करारावर सही करतानाच ते पगारातला ठरावीक भाग घरी लावून द्यायचे. तो दर महिन्याला परस्पर आजीच्या हातात पडायचा. तुम्हीही आईवडिलांचं तसंच लावून या. इथे सुरुवातीचे महिने भाडं, अनामत, विमा यांतच पैसा जातो. उरले की पाठवू म्हणाल, तर उरत नाहीत.

पत्रं पुढच्या बंदरातल्या एजंटाच्या पत्त्यावर जायची. 1967 साली सुएझ कालवा बंद पडला तो 1975 पर्यंत. बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, पत्रांचा मेळ आणखीच बिघडला. आजीला अक्षरओळख नव्हती, पोस्टमन वाचून दाखवायचा. त्यामुळे आजोबांनी पत्रात मनातलं कधी लिहिलंच नाही. आजीने हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता व्हिडिओ कॉल आहे, पण बायको माहेरी बोलत असेल तेव्हा तुम्ही शेजारी बसू नका. तिला एकटीला बोलू द्या. परक्या गावात पहिल्या हिवाळ्यात याची किंमत कळते.

आजोबांच्या वेळी पोती आणि पेट्या उतरवायला दिवसच्या दिवस लागत, तेवढ्यात खलाशांचं शहर पाहून व्हायचं. कंटेनर आले आणि मोठ्या बोटी दूर समुद्राकडे, मासव्हलाक्टेला लागू लागल्या. तुमच्या आजोबांनी सांगितलेलं गोदीकाठचं गाव इथे शोधू नका. काटेनड्रेख्तच्या जुन्या धक्क्यांवर आता राहती घरं आहेत.

त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, सोबत आणायची म्हणता, तर मूळ पुस्तिका घरीच ठेवा. पानापानाचे फोटो काढून घ्या. बोटीचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख, शिक्का, सगळं त्यात असतं, आणि ती हरवली तर दुसरी मिळणार नाही.

तुमचे स्वतःचे कागद मात्र आत्ताच हातात घ्या. इथल्या नगरपालिकेत नोंदणी झाली की बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, मिळतो. त्यावाचून पगार, बँक, विमा सगळं अडतं. भाड्याचं घर ठरवताना त्या पत्त्यावर नोंदणी करू देणार का, हे लेखी विचारा. जन्माचे दाखले आणि लग्नाचा दाखला अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून प्रमाणित केलेले, लागतात: आधी राज्याकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. आपल्याकडे जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कित्येकदा कोरीच राहते. मुलीचा दाखला आजच काढून बघा. नाव नसेल तर ते घालून नवा दाखला घ्या, आणि तो अपोस्टिल होऊन हातात आल्यावरच तिकिटं काढा.