चीनमधल्या स्थानिक सरकारांवर एवढं कर्ज कसं चढलं?

मूळ 1994 च्या करसुधारणेत आहे. व्हॅटचा 75 टक्के वाटा केंद्राकडे गेला (2016 पासून तो निम्मा-निम्मा झाला), पण शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च स्थानिक सरकारांच्याच गळ्यात राहिला. शिवाय 2015 पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावर कर्ज काढायला कायद्याने जवळपास बंदीच होती.

मग पळवाट निघाली. शहरातली जमीन सरकारी मालकीची, म्हणून तिचे वापरहक्क बिल्डरांना विकायचे, आणि सरकारी मालकीची वेगळी कंपनी काढून, जमीन तारण ठेवून त्या कंपनीच्या नावाने कर्ज उचलायचं. हे कर्ज सरकारी हिशेबात दिसतच नाही! त्यात स्थानिक अधिकाऱ्यांची बढती मतदारांच्या नव्हे, कम्युनिस्ट पक्षाच्या वरच्या समितीच्या हातात. शहराचा खरा प्रमुख असलेला पक्षसचिव काही वर्षांत बदलून जातो. मेट्रो बांधल्याचं श्रेय त्याच्या खात्यावर, कर्जाची परतफेड पुढच्याच्या. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

ऑगस्ट 2020 मध्ये बिल्डरांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा', म्हणजे कर्जाच्या तीन मर्यादा, आल्या, 2021 च्या अखेरीस एव्हरग्रांड या बड्या बिल्डर कंपनीने कर्ज थकवलं आणि जमिनीला गिऱ्हाईक उरलं नाही. जमीनविक्रीचं उत्पन्न 2021 मधल्या सुमारे 8.7 लाख कोटी युआनवरून 2024 मध्ये 5 लाख कोटींच्या खाली आलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये बीजिंगने 10 लाख कोटी युआनची योजना आणली. पण ती छुपं कर्ज कमी व्याजाच्या अधिकृत रोख्यांत बदलते, माफ करत नाही. जमिनीऐवजी उत्पन्नाचं दुसरं साधन मात्र अजून मिळालेलं नाही. मालमत्ता कराची देशव्यापी अंमलबजावणी रखडलेलीच आहे.