मुलांना अणूपेक्षा लहान कण दाखवायचे तर म्युऑनपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न असा आहे: सहावीतली मुलगी आणि तिच्या मैत्रिणी अणूची आकृती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, तर त्यांना अणूपेक्षा लहान कणांची गोडी कशी लावावी? मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. माझं ठाम मत आहे की सुरुवात म्युऑनपासून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावापासून करा. इलेक्ट्रॉन मुलांना पुस्तकात भेटतो, म्युऑन स्वतःहून घरात येतो.

मुलींना तळहात आभाळाकडे करून धरायला सांगा. अवकाशातून आलेले कण, बहुतेक प्रोटॉन, खूप उंचावर हवेतल्या अणूंवर आदळतात. त्या टकरीतून पायऑन नावाचे क्षणभर टिकणारे कण निघतात आणि पायऑन मोडून म्युऑन होतात. त्यातला साधारण एक म्युऑन दर सेकंदाला त्या तळहातातून आरपार जातो. छपराखाली बसलात तरी जातो. "सर, मग दुखत कसं नाही?" हे कोणीतरी विचारतंच. खरं ते सांगा: जाताना तो शरीरात फारच थोडी ऊर्जा सोडतो, आणि माणूस पहिल्यापासून या माऱ्यातच जगत आलाय. म्युऑनचा विद्युतभार इलेक्ट्रॉनइतकाच, वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट, शोध १९३६चा, अँडरसन आणि नेडरमेयर यांचा. सहावीला एवढी माहिती पुरे.

मग म्युऑनची वाट दाखवा. पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, आत तळाला फेल्टची (जाड लोकरी कापडाची) पट्टी चिकटवा, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा. डबा काळ्या धातूच्या पत्र्यावर पालथा घाला, कडा नीट बंद करा आणि पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ठेवा. अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच हवं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं, त्याने काम होत नाही. ड्राय आइससाठी बेळगावात आइस्क्रीमवाल्यांकडे किंवा लसींची ने-आण करणाऱ्यांकडे चौकशी करा. तो मोठ्या माणसानेच जाड हातमोजे घालून हाताळावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तो बंद बाटलीत कधीच भरू नये. अल्कोहोलजवळ काडी ओढायची नाही. खोलीत अंधार करून आडवी बॅटरी मारली की थोड्या वेळाने पत्र्यालगतच्या धुक्यात पांढरे धागे उमटतात, विमानामागे आभाळात रेघ राहते तसे. लांब, सरळ, बारीक धागा बहुतेक वेळा म्युऑनचा. आखूड आणि जाड असला तर तो हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमधून निघालेला अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा). वेडावाकडा गेला तर इलेक्ट्रॉन. ओळख पटवायची घाई तुम्ही करू नका, मुली आपसात भांडून ठरवतात. ते भांडण मला फार आवडतं.

आठवी-नववीची मुलं असतील तर फळ्यावर एक गणित द्याच. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट) टिकतो. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्या वेळात जेमतेम ६६० मीटर जाईल. तयार होतो मात्र साधारण १५ किलोमीटरवर. मग आपल्या तळहातापर्यंत येतो कसा? गुणाकार पुन्हा पुन्हा तपासतात, चूक सापडत नाही. मगच आइन्स्टाइनचं नाव काढा: इतक्या वेगाने धावणाऱ्या कणाचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा हळू चालतं, म्हणून तो आपल्या हिशेबाने कितीतरी जास्त जगतो. सापेक्षता शिकवायला याहून चांगली जागा मला अजून मिळालेली नाही.

"जमिनीत किती खोल जातो?" असंही विचारतील. त्याचं उत्तर आपल्याच कर्नाटकात शोधलं गेलं. १९५०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ बी. व्ही. श्रीकांतन कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणं घेऊन उतरले आणि खोलीगणिक म्युऑन किती कमी होतात ते मोजलं. दोन किलोमीटरच्या खाली ते इतके विरळ होतात की दुसऱ्या, त्याहून लाजऱ्या, क्वचितच कशावर आदळणाऱ्या कणाचा, न्यूट्रिनोचा, माग काढता येतो. १९६५ साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्यात ही खाण होती. मुलींना नकाशावर कोलार दाखवा. न्यूट्रिनोचे प्रश्न त्या तिथूनच विचारायला लागतील.