ओरेगनच्या ओडेल लेकवर पहिल्यांदा कोकनी (तळ्यातला छोटा सॅमन) पकडायला जायचंय, जुलैत वडील येतायत त्यांनाही न्यायचंय. ट्रोलिंगचा सेटअप घेऊ की जिगिंगचा? खर्च किती येईल?

जिगिंग, म्हणजे थांबलेल्या बोटीतून जिग (शिशाचं आमिष) सरळ खाली सोडून वरखाली हलवायचा. वडील सोबत येणार असं लिहिलंत म्हणून तर दुसरं काही सांगणारच नाही.

आमचं गाव विजयदुर्गाच्या बाजूला. बाबा शाळेत मास्तर, पण रविवार म्हटला की वाघोटनच्या खाडीत गरवायला. रॉड नाही, रीळ नाही, नुसता तंगूस, शिशाचा गोळा आणि गरी. तंगूस तर्जनीवर घ्यायचा आणि तळाला काय चाललंय ते बोटाला कळतं. मासा आहे की दगड, शेंगटी आहे की तांबोशी, ते वर यायच्या आधी सांगायचे.

२०१८ च्या जुलैत आई-बाबा इकडे हिल्सबरोला आले होते, बाबा तेव्हा ७१ चे. माझा एक मित्र आहे, त्याची स्वतःची बोट, दोन इलेक्ट्रिक डाउनरिगर, मोठ्या स्क्रीनचा फिशफाइंडर, सगळं साग्रसंगीत. तो म्हणाला काकांना घेऊन ये, मी खूष, बाबांचं लायसन्स काढलं आणि पहाटे पाचला आम्ही पाण्यात. ओडेल पावणेपाच हजार फुटांवर आहे, जुलैतसुद्धा पहाटे हात गारठतात, बाबांनी माझं जाकीट आणि वर आईची शाल घेतलेली.

आता ट्रोलिंगमध्ये काय असतं तुम्हाला माहीतच असेल. डाउनरिगरने आठ-दहा पौंडांचं वजन ६०-७० फूट खाली सोडलेलं, लाइन त्याच्या क्लिपला अडकवलेली, मागे डॉजर म्हणजे चमकणारा पत्रा, त्याच्या मागे फूटभरावर हुची म्हणजे रबरी झालरीचं आमिष, आणि गरीला ट्यूनाच्या तेलात मुरवलेला पांढरा मका. बोट ताशी सव्वा मैलाने रांगते आणि रॉड होल्डरमध्ये वाकून उभे. मासा लागला की क्लिप सुटते, रॉड उसळतो. आणि प्रत्येक वेळी रॉड मित्रानेच उचलला. कोकनीचं तोंड कागदासारखं मऊ असतं हे खरंय, झटका दिला की फाटतं, म्हणून तो बाबांना हात लावू देईना. चार तासात नऊ मासे आले आणि बाबा दक्षिण काठाने जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत बसले होते. एकदा म्हणाले, "माका कायतरी करुक देवा." तर हा म्हणतो, काका तुम्ही आराम करा, ही आपली खाडी नाही, इथे टेक्निक लागतं.

मी काहीच बोललो नाही. बोट त्याची, पेट्रोल त्याचं, आणि तो प्रेमाने घेऊन आला होता हेही खरं. पण ते वाक्य मला आजही टोचतं.

तिसऱ्या दिवशी मी रिसॉर्टवरून छोटी बोट भाड्याने घेतली, दुकानातून एक औंसाचे तीन जिग घेतले आणि आम्ही दोघंच गेलो. आमच्याकडे फिशफाइंडर नव्हता, त्यामुळे चार-पाच बोटी अँकर टाकून जिथे गोळा झाल्या होत्या तिथे जरा अंतर राखून थांबलो. बाबांनी जिग हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, शिशाचा चपटा मासाच तो, आणि विचारलं खोली किती. शेजारचा म्हातारा ओरडून म्हणाला ६५ फूट. बाबांनी रॉड माझ्याकडे दिला, रिळाची बेल, म्हणजे लाइन मोकळी करणारी तार, उघडायला लावली, दोन्ही हात पसरून लाइन ओढत मोजायला लागले, एक वाव, दोन वाव, अकराव्या वावेला थांबले. वाव म्हणजे सहा फूट, झाले ६६. लाइन काउंटरची गरजच पडली नाही.

मग रॉड हातात घेऊन रिळाच्या पुढची लाइन तर्जनीवर घेतली, टोक दीडेक फूट वर आणि हळू खाली. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मी वर उचलताना झटका शोधत होतो, सगळे नवीन लोक तेच करतात. बाबा म्हणाले, "झिला, तो खाली जाताना घेता." जिग फडफडत खाली पडत असतो तेव्हा कोकनी तो घेतो, आणि तुम्हाला धक्का वगैरे काही जाणवत नाही, लाइन मध्येच हलकी पडते, जिग जिथपर्यंत पोचायला हवा त्याच्या आधीच. तेवढं कळलं की टोक नुसतं उचलून ताण धरायचा, झटका नाही, आणि जिग पडताना लाइन एकदम सैल सोडायची नाही, नाहीतर हे कळणारच नाही. त्या दिवशी सात मासे बाबांचे, चार माझे, आणि ज्याचं तोंड फाटेल म्हणून भीती घातली होती त्यातला बाबांचा एकच सुटला, तोही जाळ्याजवळ गोल फिरून.

मित्र म्हणाला थव्यावर बसलात, नशीब. अजून म्हणतो. नशिबाने एक मासा मिळतो, अकरा नाही मिळत. त्याचं दुसरं म्हणणं असं की कोकनी प्लवक खातो, डाफ्नियासारखे पाण्यातले पिटुकले जीव गाळून, म्हणून त्याला शिशाचा तुकडा दाखवणं अशास्त्रीय आहे. अरे मग तुझा गुलाबी रबराचा हुची काय डाफ्निया आहे? दोन्हीवर तो भुकेने येत नाही, चिडून येतो, माझं तरी हेच मत आहे.

बाकी तुमच्या कामाचं. मासा दहा ते चौदा इंचाचा धरून चला, वालोवा लेकमध्ये २०१० ला साडेनऊ पौंडांच्या वरचा विश्वविक्रमी कोकनी मिळाला ते फोटो बघून जाऊ नका. पहाट सोडू नका, ऊन चढलं की थवा खोल जातो किंवा विस्कटतो, आणि ओडेलला दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, छोट्या बोटीत वडील असतील तर अकराच्या आत काठाला या, लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, सीटखाली नको. बुल ट्राउट, हा संरक्षित मासा, लागला तर पाण्यातच सोडायचा, पाठीवरच्या परावर काळे ठिपके नसतील तर तो ठेवायचा नाही, एवढं वडिलांनाही सांगून ठेवा. किती मासे ठेवता येतात ते त्या वर्षीचे नियम बघून घ्या. मासा आला की लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात टाका, तासभर बोटीत पडला की मांस मऊ पडतं. आईने आमचे आगळ आणि तिरफळं घालून केले होते, बांगड्याला करतात तसे, आणि उरलेले तव्यावर.

खर्चाचं, जिग चार-पाच डॉलरला मिळतो, डाउनरिगर शेकड्यात जातो, पुढचा हिशेब तुम्ही करा.

आणि एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, थवे बांधलेले नसतील, मासे पसरलेले असतील तर जिगिंगने दिवस फुकट जाऊ शकतो, तेव्हा ट्रोलिंगच चालतं, मीही आता ऑगस्टअखेर करतो. फिशफाइंडरही नंतर घेतलाच. पण ट्रोलिंग करायची वेळ आली तर रॉड उसळला की तो वडिलांच्या हातात द्या. सुटला मासा तर सुटू दे. माझ्या बाबांचे गुडघे गेले, आता ते इकडे येऊ शकत नाहीत, फोनवर विचारतात, तुमचो कोकणी लागता काय रे, किती वावेर?